वर्षभराचं तापमान क्रोशाने विणायचं आहे? पहिल्या ओळीआधी हे वाचा

तापमान-ब्लँकेटची कल्पना सोपी आहे. दिवसाला एक ओळ विणायची, त्या दिवसाच्या तापमानाला ठरवून दिलेल्या रंगात. वर्ष संपलं की ३६५ ओळी होतात आणि सगळं वर्ष अंगावर पांघरता येतं. विणकाम म्हणाल तर अगदी प्राथमिक आहे, साखळी आणि मुका खांब हे क्रोशाचे दोन साधे टाके येत असतील तर पुरे. तरीही पुष्कळ जणांची ब्लँकेटं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अडतात. कारण बहुतेक वेळा विणकामात नसतं. सुरुवातीला न केलेला हिशेब आणि अर्धवट ठरवलेले नियम यांमुळे काम अडतं.

हे ब्लँकेट म्हणजे एक नोंद आहे. नोंदीला आधी नियम लागतो आणि तो वर्षभर बदलायचा नसतो. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा सुई हातात घेण्याआधीच्या कामांना दिली आहे.

काय काय लागेल

- एकाच कंपनीची, एकाच जाडीची लोकर, ठरवाल तितक्या रंगांत
- त्या जाडीला साजेशी क्रोशाची सुई (मध्यम-बारीक, म्हणजे डीके लोकरीला साधारण ४ मिमी, जाड लोकरीला ५ ते ५.५ मिमी) आणि पायाच्या साखळीसाठी अर्धा मिमी मोठी आणखी एक
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, मोजपट्टी
- ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा
- टाक्यांना लावायच्या खुणेच्या पिना
- एक वही

वजनकाट्याची गरज काय, असं वाटेल. तिसऱ्या पायरीत कळेल.

१. नक्की कोणतं तापमान, ते ठरवा

‘आजचं तापमान’ असं एकच काही नसतं. दिवसाचं कमाल असतं, किमान असतं, दोन्हींची सरासरी असते, किंवा एखाद्या ठरावीक वेळेचं तापमान असतं. यातलं एकच निवडा. मी कमाल निवडलं आणि नवीन माणसाला तेच सुचवेन. ते सगळीकडे सहज मिळतं, आणि ‘आज किती तापलं होतं’ हे लक्षात राहिलेलं असल्यामुळे वर्षाअखेरीस ओळी ओळखू येतात. जिथे दिवस-रात्रीत मोठा फरक पडतो तिथे किमान तापमानाचं ब्लँकेटही सुंदर होतं. सरासरी घेतली की टोकाचे दिवस बोथट होतात, म्हणून मला ती कमी आवडते.

दुसरा निर्णय ठिकाणाचा. तुम्ही प्रवासाला गेलात तर ओळ घरच्या गावाची की जिथे असाल तिथली? दोन्ही बरोबर आहे. पण घरचं तापमान म्हणजे एका जागेचं वर्ष आणि सोबत फिरणारं तापमान म्हणजे एका माणसाचं वर्ष. मिसळ करू नका.

तिसरा निर्णय आकडा कुठून घ्यायचा याचा, आणि इथे एक मोठा सापळा आहे. सकाळी फोनवर दिसतो तो अंदाज असतो, नोंद नव्हे. आपल्याला हवी ती झालेल्या तापमानाची नोंद, आणि ती दुसऱ्या दिवशीच मिळते. म्हणून आजची ओळ उद्या विणायची, हा नियमच करून टाका. जवळच्या हवामान केंद्राची नोंद मिळत असेल तर तीच घ्या आणि वर्षभर तोच एक स्रोत ठेवा. दोन ॲपमध्ये एकाच दिवसाचा एक-दोन अंशांचा फरक सहज दिसतो. तेवढ्यात रंग बदलतो.

घरच्या थर्मामीटरवर नोंद करायची असेल तर तो सावलीत, मोकळ्या हवेत, भिंतीपासून दूर हवा. जागतिक हवामान संघटनेच्या नियमाप्रमाणे हवेचं तापमान जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर मोजतात आणि यंत्रावर थेट ऊन पडू देत नाहीत. बाल्कनीच्या तापलेल्या कठड्यावर ठेवलेला थर्मामीटर कठड्याचं तापमान सांगतो.

सरलेल्या वर्षाचं ब्लँकेटही करता येतं. मुलाच्या जन्माचं वर्ष, लग्नाचं वर्ष, कुणाच्या आठवणीचं वर्ष. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या दैनंदिन नोंदींच्या संग्रहात १८० देश-प्रदेशांतल्या एक लाखाहून जास्त केंद्रांचे आकडे आहेत, आणि युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या ‘ईआरए५’ या माहितीसंचात १९४० पासूनची तापमानं मिळतात. दोन्ही मोफत आहेत. अशा ब्लँकेटचा एक फायदा म्हणजे कुठला रंग किती लागणार हे आधीच नेमकं कळतं.

२. रंगांचे टप्पे पाडा

याला घाई करू नका. सगळ्या ब्लँकेटचं रूप इथे ठरतं.

आधी तुमच्या ठिकाणचे गेल्या वर्षाचे ३६५ आकडे एका तक्त्यात उतरवा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त किती ते पाहा. समजा कमाल तापमान १८ ते ३९ च्या मध्ये फिरलं. दोन-दोन अंशांचे टप्पे पाडले तर अकरा रंग होतात. आठ ते बारा रंग हा आकडा हाताळायला बरा पडतो. त्याहून कमी घेतले तर महिनाभर एकच रंग येतो, आणि पंधराच्या पुढे गेलं की शेजारचे रंग एकमेकांपासून ओळखू येत नाहीत.

टप्पे लिहिताना ‘२० ते २२’, ‘२२ ते २४’ असं लिहू नका. बरोबर २२ आलं की कुठला रंग? असं लिहा: २०.० ते २१.९, मग २२.० ते २३.९. आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा: ‘१९.९ व त्याखाली’, ‘३८.० व त्यावर’. वर्ष पुढे आहे. ते गेल्या वर्षाच्या मर्यादेत राहील असं कुणी सांगितलंय?

आता प्रत्येक टप्प्यात गेल्या वर्षी किती दिवस आले ते मोजा. अनेक ठिकाणी असं दिसतं की निम्मं वर्ष दोन-तीन टप्प्यांतच बसलंय. मग मोह होतो की गर्दीच्या टप्प्यांचे बारीक तुकडे करावेत आणि कडेचे टप्पे रुंद ठेवावेत, म्हणजे सगळे रंग सारखे दिसतील. माझं मत याच्या विरुद्ध आहे. टप्पे समान अंशांचेच असावेत. तसं केलं तरच रंगातली उडी आणि तापमानातली उडी यांचा मेळ बसतो, आणि तुमच्या गावचं हवामान जर वर्षातले चार महिने एका जागी बसून राहत असेल, तर ब्लँकेटमध्येही ते तसं बसलेलं दिसू दे. सगळं वर्षच आठ-दहा अंशांत फिरत असेल तर मात्र सरसकट एका अंशाचे टप्पे करा.

रंग निवडताना थंडीला निळे-जांभळे आणि उष्णतेला पिवळे-केशरी-लाल हा रिवाज पाहणाऱ्याला लगेच कळतो. पण सक्ती नाही. हिरव्याच्या छटा घ्या, मातकट रंग घ्या. फक्त क्रम फिकट-गडद किंवा थंड-उष्ण असा कुठल्यातरी दिशेने चढता हवा. दोन चाचण्या जरूर करा. सगळे गुंडे क्रमाने लावून फोनवर कृष्णधवल फोटो काढा, म्हणजे कोणते दोन रंग सारख्याच गडदपणाचे आहेत ते उघडं पडेल. आणि तेच गुंडे रात्री दिव्याखाली पाहा, कारण गडद निळा, गडद जांभळा आणि काळा यांची गल्लत बहुधा संध्याकाळीच होते.

तापमानाचे पट्टे विणण्यामागे विज्ञानाशीही एक धागा आहे. ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी २०१७ मध्ये जागतिक सरासरी तापमानावरून क्रोशाचं ब्लँकेट विणलं. त्याच विद्यापीठातले एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये ‘वॉर्मिंग स्ट्राइप्स’ म्हणजे निळ्याकडून लालकडे जाणारे उभे पट्टे मांडले, ते आता जगभर ओळखले जातात. त्या चित्रावर आकडे नाहीत, अक्ष नाहीत, तरी अर्थ पोचतो. रंगांचा क्रम नीट लावला तर केवढं बोलता येतं, ते पाहायचं असेल तर ते पट्टे एकदा जरूर बघा.

३. नमुना विणा आणि गुणाकार करा

याला फाटा दिला तर हातात चार-साडेचार मीटर लांबीचं ब्लँकेट येतं. ही अतिशयोक्ती नाही. साध्या खांबाची (सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेल्या, मुक्या खांबाहून उंच टाक्याची) एक ओळ लोकरीप्रमाणे सव्वा सेंटीमीटरच्या आसपास उंच होते. तिला ३६५ ने गुणा.

म्हणून ओळीची उंची कमी हवी. मुक्या खांबाची ओळ डीके लोकरीत साधारण अर्धा सेंटीमीटर भरते: ३६५ × ०.५ = १८२.५ सेंमी. एका माणसाच्या पांघरुणाला ही लांबी अगदी बेताची आहे. नुसते मुके खांब एकाला एक लागून घातले तर कापड ताठ होतं, म्हणून मी एक मुका खांब, एक साखळी, एक टाका सोडायचा, ही वीण सुचवेन. पुढच्या ओळीत मुका खांब मागच्या साखळीच्या फटीत येतो. कापड मऊ पडतं, लोकर थोडी कमी लागते आणि रंग एकमेकांत किंचित मिसळलेले दिसतात.

इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी इथे सावध राहावं. अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. नावावर जाऊ नका, हाताची कृती पाहा: सुईवर आधी वेढा न घेता टाका घातला तर तो आपला मुका खांब.

आता नमुना. २० सेंमी रुंद, २० ओळी. धुवा, वाळवा, मग मोजा. समजा उंची १० सेंमी आणि वजन १० ग्रॅम आलं. म्हणजे २० सेंमीच्या एका ओळीला अर्धा ग्रॅम. ब्लँकेट १२० सेंमी रुंद हवं असेल तर ओळीला ३ ग्रॅम, आणि वर्षाला १,०९५ ग्रॅम. वजनकाटा लागतो तो यासाठी. तुमचा हात सैल की घट्ट यावर हे आकडे बदलतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा हिशेब उचलू नका. माझाही नाही.

लांबी फारच जास्त येत असेल तर रुंदी वाढवून मोठ्या पलंगाचं करा, बारीक लोकर घ्या, किंवा आठवड्याची सरासरी काढून ५२ ओळींचं लहान पांघरूण करा. बाळासाठी ते छान होतं.

ओळींऐवजी रोजचा एक छोटा चौकोन करायची कल्पनाही चांगली आहे. मध्ये किमान तापमानाचा रंग, भोवती कमाल तापमानाचा. पण ३६५ चौकोन आयतात सरळ बसत नाहीत. १२ स्तंभ आणि ३१ आडव्या रांगा घेतल्या तर ३७२ जागा होतात. नसलेल्या तारखांच्या सात जागी (लीप वर्षात सहा) पांढरे किंवा राखाडी चौकोन लावा. मग ते ब्लँकेट थेट कॅलेंडरसारखं वाचता येतं. जोडकाम मात्र भरपूर आहे, हे धरून चला.

४. लोकर खरेदी

टप्प्यातले गेल्या वर्षीचे दिवस × ओळीचं वजन, त्यावर वीस टक्के जास्त. साठ दिवसांचा टप्पा असेल तर १८० ग्रॅम, अधिक वीस टक्के म्हणजे २१६. शंभर ग्रॅमचे तीन गुंडे. टोकाच्या टप्प्यांना दिवस थोडे असले तरी प्रत्येकी एक गुंडा घ्याच. महिन्यांच्या मधली रेघ आणि किनार यांसाठी एक तटस्थ रंग वेगळा धरा. वरच्या मापाला त्याचे दोन गुंडे लागतील.

वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशिवाय लॉटचा क्रमांकही असतो. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटा बदलते. जास्त लागणारे तीन-चार रंग एका लॉटमध्ये एकदमच घ्या. प्रत्येक वेष्टन जपून ठेवा आणि हंगामी, मर्यादित काळापुरत्या आलेल्या रंगांच्या वाटेला जाऊ नका.

ॲक्रिलिक हलकं आणि मशीनमध्ये धुता येणारं असतं, सुती धागा जड होतो, खरी लोकर उबदार पण गरम पाण्यात घुसळली की आटते. पहिल्यांदा करणाऱ्याला ॲक्रिलिक बरं. लाल, गडद निळा आणि काळा यांचा एक तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. रंग लागला तर तो गुंडा परत करा. वर्षभराच्या कामाशेजारी रंग जाणारी ओळ नको.

५. पाया आणि पहिली ओळ

वर सांगितलेल्या विणीला पायाची साखळी सम संख्येची लागते. १० सेंमीत १६ टाके बसत असतील तर १२० सेंमीसाठी १९४ साखळ्या घ्या. मोठी सुई वापरा, नाहीतर खालची कड आवळते आणि ब्लँकेट तळाशी अरुंद होतं. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला मुका खांब, मग एक साखळी, एक टाका सोडून पुढचा. शेवटी ९६ मुके खांब भरतात. वळताना दोन साखळ्या घ्या, पहिला खांब पहिल्या फटीत, आणि ओळीचा शेवटचा खांब मागच्या वळणाच्या साखळीखालच्या मोकळ्या जागेत. ही शेवटची जागा हमखास सुटते. दर ओळीला एक सुटली की महिन्याभरात ब्लँकेटचा त्रिकोण व्हायला लागतो. पहिल्या काही आठवड्यांत तिथे पीन लावत जा आणि रोज ९६ मोजा.

६. रंग बदलणं आणि टोकं लपवणं

नवा रंग नव्या ओळीत सुरू करायचा नाही. तो जुन्या ओळीच्या शेवटच्या टाक्यात घ्यायचा. शेवटच्या मुक्या खांबात सुईवर दोन वेढे उरले की थांबा. जुना धागा सोडा, नवा सुईवर घ्या आणि दोन्ही वेढ्यांतून ओढा. सुईवर आता फक्त नवा रंग आहे, आणि वळणाच्या दोन साखळ्या त्याच रंगात येतात. कडेला आदल्या दिवसाचा ठिपका दिसत नाही.

दोन्ही धाग्यांची १५ सेंमीची टोकं ठेवा. पुढची ओळ विणताना ती मागच्या ओळीच्या डोक्यावर आडवी धरा, म्हणजे खांब त्यांना पोटात घेत जातात. दहाएक खांब झाले की उरलेलं टोक सुईने उलट दिशेला थोडं ओवा आणि कापा. नुसती गाठ ॲक्रिलिकमध्ये सुटते. रोज रंग बदलला तर वर्षाला ७३० टोकं होतात. ती ‘शेवटी बघू’ म्हणून सोडलेली ब्लँकेटं कपाटात पडून राहतात. टोक लपवल्याशिवाय ओळ पूर्ण झाली असं मानूच नका.

धागा न कापता कडेने वर नेता येईल, असं वाटतं. पण आपण दर ओळीला वळतो. सोमवारचा रंग डाव्या कडेला संपला आणि बुधवारी तो परत हवा असेल, तर बुधवारची ओळ उजवीकडून सुरू होते, धागा मात्र डावीकडे लटकलेला. मध्ये दोन ओळी गेल्या तरच तो योग्य कडेला सापडतो. त्याहून जास्त अंतर असेल तर कापलेलाच बरा.

७. वही आणि रोजची लय

वहीत चार रकाने: तारीख, तापमान, रंगाचा क्रमांक, विणल्याची खूण. आकडा रोज लिहा, विणकाम जमेल तेव्हा करा. १२० सेंमीच्या ओळीला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे आठवड्याचं काम एका दुपारी बसून उरकता येतं. आठवडाभर मागे पडलात तर चालतं. दोन महिने मागे पडलात तर मात्र रोज दोन ओळींच्या वर भरपाई करू नका, हात दुखतो आणि वीण घट्ट होत जाते.

चुकीचा रंग विणला गेलाच तर एक-दोन ओळी आत लक्षात आल्यास उसवा. वीस ओळींनंतर दिसला तर वहीत तशी नोंद करा आणि पुढे जा.

मधेच कंटाळवाणा काळ येतो. उन्हाळ्यात किंवा ऐन थंडीत एकच रंग तीन-तीन आठवडे चालतो आणि काही घडतच नाहीये असं वाटतं. याच काळात रंग बदलून ‘जरा उठाव आणायचा’ मोह होतो. तो टाळा. त्या सलग पट्ट्यात एखाद्या अवकाळी पावसाच्या दिवसाची एकच गार रेघ येते, तेव्हा ती किती ठळक दिसते ते पाहा. सलग पट्टा नसता तर ती रेघ हरवून गेली असती.

पाऊस वेगळा दाखवायचा असेल तर त्या दिवशीच्या ओळीसोबत एक बारीक पांढरा धागा धरून विणा. पण हा नियमही पहिल्या दिवसापासून हवा, आणि किती पाऊस म्हणजे ‘पावसाचा दिवस’ हेही वहीत लिहिलेलं हवं.

महिना संपला की तटस्थ रंगाची एक ओळ. अकरा ओळींनी लांबी पाच-सहा सेंटीमीटर वाढते, ती हिशेबात धरा.

८. शेवटचं काम

वर्ष संपल्यावर चारही बाजूंनी किनार विणा. उभ्या कडांवर दर ओळीच्या टोकाला एकच टाका घालून पाहा. कड लाटेसारखी फुगली तर अधूनमधून एक ओळ सोडा, आवळली तर वाढवा. किनारीच्या पहिल्या फेरीत उरलीसुरली टोकंही आत जातात.

मग उरलेल्या लोकरीतून प्रत्येक रंगाच्या दोन-दोन ओळींची एक छोटी पट्टी विणा, टप्प्यांच्या क्रमाने. तिच्याशेजारी सुती कापडाच्या तुकड्यावर टप्प्यांचे आकडे, ठिकाण, वर्ष, आणि कमाल की किमान, हे पक्क्या शाईने लिहा किंवा भरतकामाने काढा. दोन्ही ब्लँकेटच्या मागच्या कोपऱ्यात शिवून टाका. वही हरवू शकते, पण ही पट्टी ब्लँकेटसोबतच राहते, आणि तिच्यावरून अनोळखी माणसालाही कुठलाही दिवस वाचता येतो.

पहिली धुलाई गार पाण्यात, हलक्या हाताने. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सपाट पसरून सावलीत वाळवा. ओलं ब्लँकेट दोरीवर टाकलं तर स्वतःच्याच वजनाने ताणतं आणि नमुन्यावरून काढलेलं माप बिघडतं.